स्कूटी घरी ठेवून तीन महिने सिटी बसने, म्हसरूळ ते नाशिकरोड

आधीच सांगते, मी काही बसने फिरणाऱ्यातली नव्हते. बारा वर्षं गाडी चालवतेय (आमच्याकडे गाडी म्हणजे दुचाकीच), राहायला म्हसरूळला आणि ऑफिस नाशिकरोडच्या बिटको चौकाजवळ, म्हणजे जाऊन-येऊन रोज तीस किलोमीटरच्या आसपास. मे महिन्यात पाठ धरली ती सोडेचना, डॉक्टर म्हणाले तीन महिने दुचाकीला हात लावायचा नाही. घरात पहिला विचार आला रिक्षाचा, मग हिशोब केला आणि रोज एकटीने रिक्षा करणं परवडणारं नाही हे कळलं, नवऱ्याची कंपनीची बस सातपूरला जाते ती उलट्या दिशेला, मग राहिली सिटी बस. एक जूनपासून ऑगस्ट अखेरपर्यंत रोज बसने गेले, शनिवारी पण, आणि मोबाईलच्या नोट्समध्ये रोज किती वाजता स्टॉपवर आले, किती वाजता बस मिळाली, उभी की बसून, सगळं लिहून ठेवलं. त्यावरून लिहितेय, कारण आमच्या भागात बसबद्दल मत सगळ्यांना आहे पण रोज बसणारे फार थोडे आहेत.

सगळ्यात चांगली गोष्ट आधी. निमाणी (पंचवटीतला सिटी बसचा स्टँड) ते नाशिकरोड हा जो पट्टा आहे ना त्यावर सकाळी बस खरंच मिळते. आठ ते साडेनऊच्या मधे मी निमाणीला फार तर दहा मिनिटं थांबले असेन, बऱ्याचदा मी पोचायच्या आधीच गाडी लागलेली असायची. निमाणीला पहिला थांबा असल्यामुळे बसायला जागा मिळते, खिडकी पण मिळते. बस पंचवटी कारंजा, मालेगाव स्टँड करत होळकर पुलावर येते आणि तिथे रोज सकाळी गोदावरी दिसते, जी मला बारा वर्षांत गाडीवरून कधी दिसली नव्हती कारण त्या पुलावर नजर फक्त पुढच्या रिक्षाच्या मागच्या चाकावर असते. जुलैमध्ये धरणातून पाणी सोडलं त्या दिवशी अख्खी बस डाव्या-उजव्या खिडकीला वाकून बघत होती आणि एक आजोबा सगळ्यांना विचारत होते, दुतोंड्या मारुतीच्या (नदीकाठची मूर्ती, पूर किती आला ते आम्ही तिच्यावरून मोजतो) कुठपर्यंत आलं हो पाणी, आणि बसमधल्या कुणाला तरी माहीत होतं, की कमरेच्या वर गेलं म्हणून.

पुढे रविवार कारंजा, शालिमार, सारडा सर्कल, द्वारका, मग पुणे रोडला लागून फेम सिग्नल, बोधलेनगर, उपनगर, दत्तमंदिर आणि बिटको. ह्या रस्त्यावर गाडीने मला पस्तीस-चाळीस मिनिटं लागायची, बसने निमाणीपासून पन्नास-पंचावन्न. फरक पंधरा मिनिटांचा. पण ते पंचावन्न मिनिटं मी बसलेली असते, फोनवर पोरीच्या शाळेचं बघते, डोळे मिटते, आणि ऑफिसात पोचल्यावर मान धरलेली नसते. द्वारकेला गाडीवर उभं राहायचं म्हणजे मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रोड दोन्हींची गर्दी अंगावर, ट्रकचा धूर थेट तोंडावर, तिथे पंधरा मिनिटं अडकले तरी बसमध्ये मला इतका त्रास झाला नाही. पाठीचं दुखणं महिन्याभरात निम्म्यावर आलं ह्यात औषधाचा भाग असेल पण बसचाही आहे असं मला मनापासून वाटतं.

आता निमाणीपर्यंत पोचायचं कसं, खरा घोळ तिथे आहे. म्हसरूळहून निमाणी जेमतेम चार-पाच किलोमीटर. बस आहे, पण ती कधी येईल ह्याचा भरवसा मला तीन महिन्यांत आला नाही. ॲपमध्ये बसचं लोकेशन दिसतं, ते बऱ्यापैकी खरं असतं, पण कधीकधी बस नकाशावर एका जागी थांबलेली दिसते आणि प्रत्यक्षात ती आपल्या समोरून निघून जाते, असं माझ्याबरोबर जूनमध्ये दोनदा झालं. मग मी शेअर रिक्षाने निमाणीला जायला लागले. दिंडोरी रोडवरून सकाळी रिक्षा भराभर मिळतात, मागे तीन आणि पुढे ड्रायव्हरशेजारी एक, कधी दोन. पुढच्या शीटवर मी बसत नाही, सरळ सांगते दादा मागे जागा असेल तर येते. बहुतेक जण नीट वागतात. एकाने मात्र एकदा मार्केट यार्डाच्या अलीकडेच उतरवलं, म्हणाला पुढे ट्रॅफिक आहे ताई, चालत जा, आणि पैसे पूर्ण घेतले, भर पावसात. त्या दिवशी रिक्षाच्या पाठीवर लिहिलेला नंबर नोट करायला हवा होता, नाही केला.

मार्केट यार्डावरून आठवलं. सकाळी सहा-साडेसहाच्या म्हसरूळ-निमाणी गाडीत मी चार-पाच वेळा बसलेय, ऑफिसला लवकर जायचं होतं तेव्हा, आणि त्या गाडीतली माणसं वेगळीच असतात. यार्डातून मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन शहरात विकायला जाणाऱ्या मावश्या, हॉस्पिटलात आया म्हणून कामाला जाणाऱ्या बायका, नाईट करून घरी चाललेले वॉचमन. ह्यांच्यातल्या कुणाकडे दुसरा पर्याय नाहीये. एक मावशी म्हणाल्या, "रिक्षावाला मालाचं वेगळं भाडं लावतो बाई, बस परवडती." आपण जेव्हा म्हणतो नाशिकला बसने कोण जातं, तेव्हा ह्या बायका आपल्या डोळ्यासमोरच नसतात. त्यांच्यासाठी सहाची बस सहालाच यावी ह्याला माझ्या ऑफिसपेक्षा जास्त महत्त्व आहे असं मला वाटतं, कारण भाजीचा धंदा आठच्या आत होतो.

संध्याकाळ म्हणजे बसचा कमजोर भाग. सहा ते सात बिटकोला बस मिळते पण गच्च भरलेली, स्टेशनवरूनच भरून येते. नोटांच्या प्रेसमधले लोक, कॉलेजची मुलं, मुंबईहून आलेल्या गाडीतून उतरून बॅगा घेऊन चढलेले. उभं राहायला हरकत नाही पण पाठदुखीवालीला द्वारकेच्या वळणावर दांडा धरून उभं राहणं सोपं नाही. पहिल्या आठवड्यात मी एका कंडक्टरला सांगितलं की पाठीचा त्रास आहे, त्यांनी स्वतः एका मुलाला उठवलं आणि पुढे रोज मला बघून विचारायचे, ताई आज कसंय. ते दोन-तीन कंडक्टर आणि ड्रायव्हर इतके चांगले वागले की बसला मी जे काही मार्क देणार आहे त्यातले निम्मे त्यांचे आहेत. थांब्यावर म्हातारं माणूस दिसलं की गाडी पूर्ण थांबवून चढू द्यायचे. आणि मधे एक दिवस अचानक बसच नव्हत्या, पगार थकल्यामुळे काम बंद होतं, तेव्हा स्टॉपवर लोक चिडलेले, पण मला त्या माणसांचा राग आला नाही. बारा-बारा तास गर्दीत उभं राहून तिकीट फाडणाऱ्याला वेळेवर पगार मिळत नसेल तर तो काय करणार. त्या दिवशी रिक्षाने जाता-येता माझे दोन दिवसांच्या भाजीचे पैसे गेले, तरीसुद्धा.

साडेसातनंतर तर निमाणीला उतरून म्हसरूळची गाडी मिळेल ह्या आशेवर मी राहूच नका म्हणेन. नोट्समध्ये बघितलं तर तीन महिन्यांत संध्याकाळी वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबावं लागलं असे सतरा दिवस आहेत. थांब्याला शेड नाही अशा ठिकाणी पाऊस असेल तर एका दुकानाच्या वळचणीला उभं राहायचं, बस आली की पळत रस्ता ओलांडायचा. दिवा नाही. बाईमाणसाने तिथे एकटीने आठ वाजता उभं राहायचं म्हणजे घरून तीन फोन येतात, कुठे पोचलीस, कुठे पोचलीस. आणि इथेच मला कळलं की नाशिकमध्ये लोक दुचाकी का घेतात. पेट्रोल स्वस्त आहे म्हणून नाही, लिटरला शंभराच्या वर जाऊन किती दिवस झाले. वेगासाठी पण नाही. घरी किती वाजता पोचणार हे सांगता यावं म्हणून घेतात. गाडीवर असेन तर सासूबाईंना सांगता येतं सव्वासातला येते, पोळ्या लाटून ठेवू नका मी आल्यावर करते. बसने ते सांगता येत नाही.

दुसरं एक कारण बायकांचं वेगळं आहे, ते पुरुषांच्या लक्षात येत नाही. माझा नवरा घरून कंपनीत जातो आणि कंपनीतून घरी येतो, एक सरळ रेष. माझं तसं नाही, पोरीला क्लासला सोड, येताना निमाणीला भाजी घे, सासूबाईंच्या गोळ्या घे, लाईट बिल, पिठाची गिरणी, सगळं ऑफिसच्या वाटेवर गुंफलेलं असतं. गाडीला डिक्की असते, पुढे हुक असतो, पाय ठेवायच्या जागेवर दहा किलोचा डबा मावतो. बसने एक काम झालं की दुसऱ्यासाठी परत बस किंवा परत रिक्षा. ह्या तीन महिन्यांत ती सगळी कामं नवऱ्यावर आणि थोडी सासूबाईंवर गेली, आणि नवऱ्याने दुसऱ्या आठवड्यात कबूल केलं की तू हे रोज कसं करायचीस. पण प्रत्येक घरात हे होईलच असं नाही, म्हणून म्हणते की फक्त भाडं कमी करून बाई बसमध्ये येणार नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे आपल्या शहराचा आकार. सगळे रस्ते आतमध्ये येतात, निमाणी, शालिमार, सीबीएस म्हणजे एसटीचा मुख्य स्टँड. माझं बरं आहे की माझी वाट मध्यातूनच जाते. पण ऑफिसातली एक मैत्रीण पाथर्डी फाट्याहून येते, तिला दोन बस कराव्या लागतात, आणि शेजारचा मुलगा म्हसरूळहून अंबडला जातो, त्याने बसचा विचार एकदा केला आणि दुसऱ्या दिवशी हप्त्यावर बाईक घेतली. त्याचं काही चुकलं असं मला म्हणवत नाही. एमआयडीसीतल्या ज्या कंपन्यांच्या स्वतःच्या बस आहेत तिथले लोक मात्र मजेत बसने जातात, वर्षानुवर्षं, साहेबलोक पण. का, तर बस ठरलेल्या मिनिटाला कोपऱ्यावर येते. त्याच माणसाला रविवारी शालिमारला जायचं असलं की तो बाईक काढतो.

ह्याचा अजून एक पुरावा मी स्वतः बघितला. तिसऱ्या श्रावणी सोमवारी मी आणि दोघी मैत्रिणी ब्रह्मगिरीच्या फेरीला (त्र्यंबकच्या डोंगराची पायी प्रदक्षिणा) गेलो. त्या दिवशी त्र्यंबकला खासगी गाड्या आत सोडत नाहीत, खंबाळ्याला अडवतात, आणि एसटीच्या जादा गाड्या एकामागून एक सुटत असतात. कॉलेज रोडवरची, गंगापूर रोडवरची, जी मंडळी एरवी पाचशे मीटरला फोरव्हीलर काढतील ती सगळी आमच्याबरोबर रात्री एसटीत उभी होती, गाणी म्हणत, एकमेकांना बिस्किटं देत. एक गाडी गेली तर मागे दुसरी उभीच, घाई नाही, चिडचिड नाही. २०१५ च्या कुंभमेळ्यात पण असंच होतं, बाहेर पार्किंग आणि आत बस. म्हणजे नाशिककर बसमध्ये बसत नाही हे खरं नाही. दर पाच मिनिटांनी मिळाली तर बसतो.

त्याच फेरीच्या दिवशी बायकांच्या तिकिटावरून एक गंमतशीर वाद ऐकला. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि पंच्याहत्तरच्या वरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून फुकट, ते सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे सिटी बसमध्ये चढून पण बायका हाफ मागतात आणि कंडक्टरला रोज दहा वेळा समजवावं लागतं की ही एसटी नाही मावशी. त्यात त्र्यंबक, सिन्नरसारख्या ठिकाणी दोन्ही बस जातात, मग बाई साहजिकच एसटीची वाट बघते, समोरून रिकामी सिटी बस गेली तरी. माझं म्हणणं आहे की हा घोळ समजण्यासारखा आहे, कारण ८ जुलै २०२१ ला नवी बससेवा सुरू व्हायच्या आधी कितीतरी वर्षं शहरातली बस पण एसटीच चालवायची, आमच्या पिढीच्या डोक्यात बस म्हणजे एसटी. शहरातल्या बसला पण बायकांसाठी तशी सवलत मिळाली तर म्हसरूळच्या त्या भाजीवाल्या मावशींना महिन्याला किती फरक पडेल.

पैशाचं सांगते. गाडीला माझं महिन्याचं पेट्रोल अठराशेच्या आसपास जायचं, सर्व्हिसिंग, टायर, पंक्चर धरून दोन हजार धरा. बसचा पास आणि निमाणीपर्यंतच्या रिक्षा आणि उशीर झाला की केलेल्या ॲपच्या रिक्षा, सगळं मिळून तेराशे-चौदाशेत भागलं. म्हणजे महिन्याला सहाशे वाचले. आणि वेळ गेला रोज पाऊण तास जास्त, वाट बघणं धरून. आता हा सौदा कुणाला परवडेल आणि कुणाला नाही हे ज्याचं त्याने बघावं. माझी पोर आता नववीत आहे म्हणून मला परवडला, ती बालवाडीत असती तर शक्यच नव्हतं.

सायकलचं पण बरेच जण सुचवत होते, नाशिक म्हणजे सायकलवाल्यांचं गाव. खरंच आहे, महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ ला अमेरिकेतली रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली तेव्हा आम्हा सगळ्यांना केवढा अभिमान वाटला होता, आणि पहाटे गंगापूर रोडला, त्र्यंबक रोडला सायकलवाल्यांचे जथ्थे बघून अजून बरं वाटतं. पण ती व्यायामाची सायकल झाली. कामाला जायची सायकल मला द्वारकेला दिसते, ती चालवणारा माणूस कडेला डबा लटकवून, जीव मुठीत धरून सर्कल पार करत असतो आणि त्याला कुणी वाट देत नाही. पायी जाणाऱ्याचं पण तेच. बसमधून उतरलं की प्रत्येक प्रवासी पायी चालणारा असतो हे रस्ता करणाऱ्यांच्या ध्यानात यायला हवं, फुटपाथवर टपऱ्या, गाड्या लावलेल्या, मग आजी-आजोबा उतरून थेट ट्रॅफिकमध्ये.

मेट्रो निओचं काय झालं असं बसमध्ये कुणी ना कुणी विचारतंच. २०२१ च्या केंद्राच्या बजेटमध्ये नाशिकसाठी २,०९२ कोटी जाहीर झाले होते तेव्हा मी पेढे नाही पण घरी शिरा केला होता, कारण त्यातली मोठी मार्गिका गंगापूरकडून नाशिकरोडला येणार होती. रबरी टायरची, वरून विजेच्या तारेवर चालणारी, उंचावरून जाणारी. अजून खांब दिसलेला नाही. मला वाटतं तोवर आहे त्याच निमाणी-नाशिकरोड पट्ट्यावर बसला द्वारकेतून आधी वाट दिली, संध्याकाळच्या गाड्या वाढवल्या आणि म्हसरूळ, मखमलाबाद, आडगाव अशा टोकांना छोट्या बस दर पंधरा मिनिटांनी निमाणीपर्यंत फिरवल्या तर माझ्यासारख्या कितीतरी जणी गाडी घरी ठेवतील. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते रुंद करायचं चाललंय, त्यात हे थांबे, शेड, दिवे पण व्हावेत.

मार्क द्यायचे तर सकाळच्या निमाणी-नाशिकरोड बसला पाचपैकी साडेचार. ड्रायव्हर-कंडक्टरांना पाच. गाडीची स्वच्छता साडेतीन, पावसात एक-दोन खिडक्या गळायच्या आणि सीट ओली असायची. ॲपला तीन. संध्याकाळच्या बसला अडीच. निमाणी-म्हसरूळला दीड, तो पण सकाळी सहाच्या गाडीमुळे.

नवीन सुरू करणाऱ्यांनी एवढं करा, पहिल्या दिवशीच पास काढू नका, आठवडाभर तिकीट काढून बघा तुमच्या वेळेला बस येते का. सुट्टे ठेवा, दहा-वीसच्या नोटा. संध्याकाळी नाशिकरोडहून येताना बिटकोला चढण्यापेक्षा पाच मिनिटं मागे चालत स्टेशनला जा, तिथे गाडी सुटते, बसायला मिळतं, ही अक्कल मला जुलैत आली. आणि छत्री नाही, रेनकोट, कारण उभ्या गर्दीत ओली छत्री सगळ्यांच्या अंगाला लागते.

एक सप्टेंबरला डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली. चार दिवस चालवली पण. मग ठरवलं की म्हसरूळ ते निमाणी गाडीने यायचं, तिथे नणंदेच्या बिल्डिंगमध्ये लावायची, पुढे नाशिकरोडपर्यंत बस. येताना भाजी घेऊन डिक्कीत टाकते आणि दहा मिनिटांत घरी. सप्टेंबरचा पास काढलाय, शनिवारी मात्र पोरीचा क्लास असतो, त्या दिवशी गाडीच.